दांडीवरचा शिक्का

मित्रांनो, माझ्यावरून एक खटला झाला आहे. तेव्हा आधी माझी ओळख करून घ्या आणि मग काय ते ठरवा. मी पितळेचा एक हाततराजू. आता म्हातारा झालो, साखळ्या काळ्या पडल्या, पण दांडी अजून सरळ आहे. सध्या मुक्काम गोंदियाच्या कचेरीमागचा मालखाना. माझ्या डाव्या बाजूला कुणाचं तरी डोकं फोडलेली कुऱ्हाड टांगली आहे आणि उजव्या बाजूला मोहाच्या दारूचं जप्त केलेलं मडकं ठेवलं आहे. संगत ही अशी. कुऱ्हाडीने निदान काहीतरी केलं होतं. मी काय केलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या पितळी भांड्यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. केशोराव नावाच्या कासाराने मला घडवलं. माणूस तापट, पण हाताचा चोख. त्याने पारडी ठोकली, दांडी ओतली, मधोमध काटा बसवला आणि मग नुसता माझ्याकडे डोळे वटारून बघत बसला. माझं एक पारडं केसभर झुकत होतं. ते झुकणं जाईपर्यंत तो कानशीने दांडी घासत राहिला. त्याची बायको वैतागून म्हणाली, "लोकाईचे तराजू दोन दिसांत होतेत, तुमचाच काऊन होत नाही?" तो मान वर न करता म्हणाला, "तराजू खोटा निघाला तं शिव्या सेठले नाही बसत, मले बसतेत." कानशीच्या घासण्याने मी खरा झालो, मित्रांनो. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझ्या आयुष्यात कानस पुन्हा एकदा येणार आहे.

पण खऱ्याला खरं राहू देतील ते बाजारवाले कसले! मला गोंदियाच्या रामलाल सेठने विकत घेतलं. हा चारोळीचा व्यापारी. दर बाजाराला आगगाडीत बसून दरेकसाला जायचा. तिथल्या डोंगरातली गोंड माणसं चारोळी, डिंक, मध घेऊन खाली उतरायची आणि बदल्यात मीठ न्यायची. चारोळीला मीठ, बरोबरीने. ऐकायला सौदा किती सरळ! रामलालने माझ्या एका पारड्याला खालून मेणाचा गोळा चिकटवला. चारोळी घेताना वजन मेणाच्या पारड्यात, मीठ देताना मीठ मेणाच्या पारड्यात. तोंडाने राम राम आणि पारड्याखाली मेण. तेही मेण त्याच माणसांनी आणून विकलेलं! मापात पाप म्हणतात ते हेच, आणि ते पाप माझ्या बुडाला चिकटवून तो मला बाजारभर नाचवत होता. मला बोलता येत असतं, तर त्याच्या नावाने त्या डोंगरातल्या वाघांनाही जागं केलं असतं.

मग सरकारने वजनमापांचा कायदा केला आणि एका बाजाराला इन्स्पेक्टर साहेब पेटी घेऊन दरेकसात हजर झाले. नागपूरकडचा माणूस, डोक्यावर टोपी, कपाळावर आठी. त्यांनी मला उलटं केलं, मेणाचा गोळा नखाने खरवडून रामलालच्या पुढ्यात टाकला आणि पेटीतल्या वजनांनी माझी परीक्षा घेतली. काटा मधोमध उभा राहिला. साहेबांनी माझी दांडी ऐरणीवर ठेवली, वर पोलादी ठसा धरला आणि हातोडीचा एक घाव घातला. दांडीवर मुकुट उमटला, मुकुटाखाली साल. दुखलं, पण काय सांगू, इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

गर्दीत सगळ्यांच्या पुढे झामसिंग उभा होता. जंगलातल्या एका टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, हा गोंड, तिशीतला, हाडापेराने दणकट. त्याच्या कमरेला कुऱ्हाडीला धार लावायची लहानशी कानस नेहमी खोचलेली असे. त्याने विचारलं, "साहेब, हे कायचं निशान?"

"हे निशाण असलं म्हणजे समज, सरकारने तपासलंय," साहेब म्हणाले. "दर साली येऊन पुन्हा तपासणार. निशाण नसेल तिथे माल देऊ नकोस."

झामसिंगला वाचता येत नव्हतं. त्याने पुढे होऊन माझ्या दांडीवर अंगठा फिरवला, मुकुटाची टोकं चाचपली आणि मान हलवली. त्या दिवसापासून तो टोल्याटोल्यावर सांगत फिरला, "शिक्क्याले अंगठा लावल्याबिगर चारोळी ओतू नोका." पुढच्या बाजाराला माझ्यापुढे रांग लागली. म्हातारे, बाया, पोरं, जो तो आधी अंगठा लावायचा आणि मग टोपली रिकामी करायचा. रामलालचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. घरी जाणारं मीठ आता पुरतं भरू लागलं. झामसिंगची बायको दुर्पता मोठी तिखट जिभेची. नवऱ्याचं ते अंगठा लावणं बघून ती एकदा भर बाजारात म्हणाली, "तुले लगन त्या तराजूसंगच करा लागत होतं. मले कायले आणलं?" सगळे हसले, झामसिंग तर सर्वांत मोठ्याने हसला. मीही साखळ्या किणकिणवल्या. माझे सुखाचे दिवस ते तेवढेच.

काही वर्षांनी रामलाल वारला. पोरांनी दुकान मोडलं आणि मला टेकचंदने उचललं.

हा टेकचंद आधी हिरड्याची दलाली करायचा. दलाली बसली, तेव्हा कुणा बैराग्याकडून म्हणे तो एक लेप शिकला आणि गोंदियात रेल्वे फाटकाजवळ त्याने दवाखाना थाटला. बाहेर पाटी लावली: 'थानातली गाठ, गालातला नासूर, जिभेचा कर्करोग, बिना चीरफाड आराम.' बिडीचं गाव, तंबाखूचं तोंड. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. मित्रांनो, झाडपाल्याची निंदा मी करणार नाही. जंगलातली किती मुळं आणि साली मी तोलल्या आहेत, आणि त्यांनी उतरलेले ताप मी पाहिले आहेत. पण टेकचंदचा लेप झाडपाल्याचा नव्हता. त्यात सोमल होता. सोमल म्हणजे विष, उंदीर मारायचं. ते कातडीवर थापलं की कातडी जळते, मांस जळतं, आणि जळलेलं मांस एक दिवस खपली होऊन गळून पडतं. गाठ वरवर असली तर ती दिसेनाशी होते. आत काय उरलं, ते बघायला टेकचंद कधी आत शिरलाच नाही.

तो मला दारासमोर टांगायचा, शिक्का बाहेरच्या बाजूला करून. रोज सकाळी चिंच लावून मला घासायचा. म्हणजे सगळं अंग नाही हं, नुसता शिक्का. पारडी काळवंडली तरी चालेल, मुकुट झगमगला पाहिजे! रोगी दारात आला की माझ्याकडे बोट दाखवायचा. "देख लो भैया, सरकारी मुहर है. साहब हर साल आके जाँचते हैं." यात खोटं एक अक्षर नव्हतं. मुहर सरकारी होती, साहेब खरोखर दर साली येत होते. खोटं बोलणारा कधी ना कधी पकडला जातो. टेकचंद खरं बोलून माणसं फसवत होता, म्हणून त्याला ते पचलं.

एक दिवस सकाळच्या पॅसेंजरने झामसिंग आणि दुर्पता गोंदियाला उतरले. भाताची कापणी नुकतीच आटोपली होती. दुर्पताच्या थानात गाठ आली होती, बोराएवढी. देवीची लस टोचायला आलेल्या एका डॉक्टरीणबाईने ती बोटाखाली फिरवून पाहिली होती आणि बजावलं होतं की अजून हलते आहे तोवर नागपूरला जा, कापून काढतील, उशीर करू नको. त्याप्रमाणे दोघं निघाली होती. नागपूरच्या गाडीला वेळ होता. फलाटावर कुणीतरी भेटलं आणि म्हणालं, कापायला कशाला जाता, फाटकाजवळ वैद्य आहे, बिना चीरफाड करतो.

ती दोघं दारात उभी राहिली. मी त्यांना लगेच ओळखलं.

टेकचंदने गादीवरूनच चौकशी केली. मग चुकचुकला. "नागपूर में काटेंगे, भैया. पूरं थान कापून टाकतात. कापलेली बाई किती वाचली, कोणी मोजली का? इथं सुई नाही, सुरी नाही. लेप लावायचा, गाठ आपल्याआप बाहेर."

झामसिंग बुजला होता. बायकोच्या अंगाला सुरी लागणार, या विचाराने त्याची झोप उडालेली दिसत होती. त्याला टेकचंदवर विश्वास ठेवायचा होता. पण बाजारातला धडा तो विसरला नव्हता. त्याने विचारलं, "वैदजी, तुमच्यापाशी शिक्का हाय का?"

मित्रांनो, किती नेमका प्रश्न होता तो! मोठमोठ्या शिकलेल्यांना सुचत नाही. वैद्याच्या दारात पहिला प्रश्न हाच विचारावा. टेकचंद जागेवरून उठला, मला खुंटीवरून काढलं आणि शिक्का त्याच्यापुढे धरला.

झामसिंगने अंगठा लावला. मुकुटाची टोकं चाचपली. आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला तोंड लपवावंसं वाटलं.

"अगे दुर्पता, हा तं रामलालचा तराजू! आपलाच होय हा!"

दुर्पता दाराशीच उभी होती. ती म्हणाली, "तराजू आपला असन. वैद आपला हाय का?"

"खोट्या माणसाजवळ सरकारी शिक्का राहीन का व? साहेब दर साली येऊन पाहून राहिला. रामलालसारखा लुच्चा या शिक्क्यानं सिधा झाला."

"बाईनं सांगतलं, नागपूरले जाय. गाडी चुकन, चाल."

"कापतीन तुले, समजते का?"

"कापू दे ना मंग! मीच कापून घेऊन राहिली, तू कायले भेते?"

तेवढ्यात नागपूरच्या गाडीची शिट्टी झाली. दुर्पताने रुळांकडे पाहिलं. झामसिंगने माझ्याकडे पाहिलं. त्याचा अंगठा अजून शिक्क्यावरच होता, घामाने ओला. मला ओरडायचं होतं. अरे, हा शिक्का माझा आहे, माझ्या दांडीचा! याने फक्त इतकंच सिद्ध होतं की तोळ्याला तोळा भरतो! पण तराजूला काटा असतो, जीभ नसते. गाडी आली आणि गेली. दुर्पता खाली बसली. "तुह्या मनानं होऊ दे," एवढंच म्हणाली.

टेकचंदने लेप त्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यावर तोलला, काटा मधोमध येईपर्यंत. विष अगदी बरोबर वजनाचं होतं, त्यात फसवणूक नव्हती. लेप लावल्यावर दुर्पताने तोंडात पदर कोंबला. दवाखान्यामागच्या छपरात ती दोघं राहिली, आणि तिचं कण्हणं मला भिंतीतून ऐकू यायचं. जी बाई भर बाजारात नवऱ्याची टिंगल करायची, तिच्या तोंडून "आग झाली वो, आग झाली" याशिवाय शब्द निघत नव्हता.

मग खपली पडली. टेकचंदने ती चिमट्याने उचलली आणि सर्वांना बोलावून माझ्या पारड्यात ठेवली. "ये देखो बीमारी! जड से निकली." लोक वाकून वाकून पाहू लागले. माझ्या पारड्यात चारोळी पडली, मध पडला, मीठ पडलं. पण असं ओझं मी कधी उचललं नव्हतं. झामसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने टेकचंदच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि निघताना हळदीचं बोट माझ्या शिक्क्याला लावलं. पुढे त्याने तेच केलं, जे त्याने आयुष्यात एकदा केलं होतं. टोल्याटोल्यावर सांगत फिरला, की गोंदियाच्या फाटकाजवळ शिक्क्याचा वैद्य आहे. त्याच्या शब्दावर माणसं आली. भागीरथा नावाची एक म्हातारी गालाची जखम घेऊन आली, ती झामसिंगचंच नाव सांगत. झामसिंग म्हणाला आहे म्हणजे खरंच असणार, असं तिकडे मानत.

पुढच्या पावसाळ्यानंतर दुर्पता पुन्हा दारात उभी राहिली. मी तिला ओळखलं नाही. काखेत गाठी, हात सुजून खांबासारखा जाड, आणि जुन्या जागेची जखम भरलेलीच नव्हती. झामसिंगने तिला खांद्याचा आधार दिला होता. टेकचंदने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "पथ्य तोडलं असेल. आंबट खाया होगा. यह अब दूसरी बीमारी है."

दुर्पताला बोलायला दम लागत होता. तरी ती बोललीच. "आंबट कोठचं, वैदजी? घरात चिंच नाही. सारी चिंच तं तुमी तराजूले घासून राहिले."

ती हसली नाही. कुणीच हसलं नाही. आणि टेकचंदने दुसऱ्या रोग्याला आत बोलावलं. करणी कसायाची आणि बोलणी मानभावाची असं म्हणतात, पण याची तर बोलणीही आता संपली होती.

त्या दिवशी ती दोघं नागपूरच्या गाडीत बसली. वर्षभर उशिराने.

शिमगा झाला आणि इन्स्पेक्टर साहेब सालाबादप्रमाणे दवाखान्यात आले. तेच साहेब, आता केस पिकलेले. त्यांनी पेटी उघडली. झामसिंग पायरीवर आधीच येऊन बसला होता, एकटा. त्याच्या एकटं असण्यातूनच मला सगळं कळलं. साहेबांनी मला तपासलं, दांडी ऐरणीवर ठेवली आणि नव्या सालाचा ठसा ठोकला.

झामसिंग उठला. "साहेब, शिक्का कायचा हाय हा?"

"तराजूचा. अजून कशाचा?"

"वैदाचा नाही?"

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "वैद्याचा कसा असेल? काटा मधोमध येतो, वजन बरोबर भरतं, एवढंच मी पाहतो."

"तुमी दर साली आले इथी. आत लोक रडून राहिले, तुमी आयकलं असन."

"ऐकलं," साहेब म्हणाले. "ते माझ्या खात्यात येत नाही."

"मंग कोणाच्या खात्यात येते?"

साहेब वजनं पेटीत परत ठेवू लागले. बोलणार काय? चारोळीसाठी खातं होतं, मिठासाठी खातं होतं, त्यांच्यासाठी साहेब होता, पेटी होती, पोलादी ठसा होता. जिभेचा आणि थानाचा रोग बरा करतो म्हणणारा माणूस मात्र कुणीच तपासायचा नव्हता. तो काय शिकला, किती वाचले, किती मेले, हे विचारायला कुणी पेटी घेऊन येत नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! साहेब वाईट माणूस नव्हते. पण मी खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांचा रामलालपेक्षा जास्त राग आला. रामलालला निदान पकडता येत होतं.

"माही बाई मेली, साहेब," झामसिंग म्हणाला. "नागपूरचा डाक्टर म्हणे, मांगल्या सालीच आणली असती तं आपल्या पायानं घरी गेली असती. तिले यायचंच होतं. मीच थांबवलं. तुमचा शिक्का पाहून थांबवलं."

साहेबांनी पेटी बंद केली. मला पायरीवर ठेवून ते निघून गेले.

झामसिंगने कमरेची कानस काढली. मला पायरीवरून उचलून मांडीवर घेतलं आणि शिक्क्यावर कानस चालवू लागला. घाई नाही, आरडाओरडा नाही. कुऱ्हाडीला धार लावावी तसा. मुकुटाची टोकं गेली, मग मुकुट गेला, मग साल गेलं. पितळेचा भुगा त्याच्या धोतरावर पडत होता. आतून टेकचंद धावत आला. "अरे, सरकारी मुहर मिटा दी! पकडो इसको!" लोक जमले. झामसिंगने त्या जागेवर अंगठा फिरवून पाहिलं. गुळगुळीत लागलं, तेव्हा कुठे त्याने मला खाली ठेवलं.

खटला चालला. मी मुद्देमाल म्हणून मेजावर होतो, गळ्यात चिठ्ठी बांधलेली. साक्ष द्यायला टेकचंद कोऱ्या धोतरात आला होता. मॅजिस्ट्रेटांनी झामसिंगला विचारलं, सरकारी शिक्का तू पुसलास हे कबूल आहे का?

"कबूल हाय, साहेब. तराजू खोटा नाही, त्याच्यावर माहा राग नाही. पन तो शिक्का तिथी लटकून दुसऱ्याच्या नावानं बोलत होता. म्हणून घासला."

"या वैद्याविरुद्ध तुझी तक्रार आहे का?"

"हाय. कोणच्या कायद्यात लिहू, ते तुमी सांगा."

मॅजिस्ट्रेटांनी खाली पाहिलं. चारचौघांसमोर न्यायाधीशाला खाली बघायला लावणारा आरोपी मी तेवढाच पाहिला. पण कायदा खाली बघत नाही. शिक्का बिघडवल्याबद्दल झामसिंगला सक्तमजुरी झाली. टेकचंद कोऱ्या धोतराचा सोगा सावरत घरी गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी केशोरावच्या तोंडून ऐकली होती. ती घडताना पाहायला मला भंडाऱ्याहून गोंदियापर्यंत यावं लागलं.

आणि मी इथे आलो. मालखान्याचा शिपाई रेवाराम दरेकसाकडचा आहे, तो कधीमधी झाडू मारताना खबर सांगतो, मला नव्हे, दुसऱ्या शिपायाला. झामसिंग तुरुंगातून सुटला आणि सरळ टोल्याटोल्यावर फिरू लागला, म्हणे. आधी भागीरथाच्या घरी गेला. ती गेलेली होती. तिच्या पोरांनी त्याला दारातून हाकललं, तेव्हा तो मुकाट्याने पुढच्या घरी गेला. ज्यांना ज्यांना त्याने शिक्क्याचा वैद्य सांगितला होता, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन एकच सांगतो, "शिक्का हाय का, एवढं नोका इचारू. शिक्का कायचा हाय, ते इचारा." काही लोक ऐकतात. काही म्हणतात, बायको मेल्यापासून याचं डोकं फिरलं.

मित्रांनो, काल मालखाना झाडायला काढला. देश स्वतंत्र झाला आहे, बाहेर तिरंगा लागला आहे. मुकुटाचा ठसा आता जाणार आणि नवा ठसा येणार, असं दोघं शिपाई बोलत होते. मला फार बरं वाटलं. नवा ठसा करणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. चारोळीवर मारा, मिठावर मारा, पण जो माणूस जिवावरच्या रोगाला हात घालतो, त्यालाही एकदा ऐरणीवर घ्या. दर साली घ्या. आणि पोरांनो, तुम्ही मोठे झालात आणि घरच्या कुणाला घेऊन अशा दारात उभे राहिलात, तर विचारा की तुला कोणी तपासलं आणि काय तपासलं. त्याने भिंतीवरच्या चकचकीत वस्तूकडे बोट दाखवलं, तर तिथून उठा. गाडी चुकवू नका.

रेवारामने मला हातात धरून पाहिलं. काटा मधोमध उभा राहिला. "सही हाय अजून," तो म्हणाला, "कोठी कामाले लावू का याले?" दुसऱ्याने दांडीवरची घासलेली जागा पाहिली आणि मान हलवली. शिक्का नाही, तेव्हा मला छटाकभर चारोळीही तोलता येणार नाही. कायदाच आहे तसा, आणि तो बरोबर आहे. मी आता भंगारात जाणार. फाटकाजवळ टेकचंदचा दवाखाना चालू आहे. त्याने नवा तराजू घेतला आहे, शिक्क्याचा.